जळक्या प्लगचं गणित

मुलांनो, आज मला एक चूक कबूल करायची आहे. चूक माझीच. तुमच्या वहीतल्या चुकांभोवती मी लाल शाईनं गोल करते, मग स्वतःची चूक झाकून कशी ठेवू?

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बदली होऊन मी एका नव्या गावात आले होते. जुन्या घराच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. जानेवारीची थंडी आणि शाळा सकाळची. उठलं की बादलीत पाणी तापवायची कांडी सोडायची आणि पाणी तापेपर्यंत साडीला इस्त्री करून घ्यायची, असा माझा क्रम होता. खोलीत प्लग लावायला जागा एकच. म्हणून बाजारातून एक मल्टिप्लग आणला होता. एका भोकात कांडी, दुसऱ्यात इस्त्री!

पण दोन्ही लावलं की थोड्या वेळात फट्‌ व्हायचं आणि खोलीत अंधार. फ्यूज उडालेला! त्या घरात जुने, चिनीमातीचे फ्यूज होते. मी केसासारखी बारीक फ्यूजची तार बदलायची, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी कंटाळून मी काय केलं असेल? एका वायरमधली तांब्याची जाड तार काढली, दुहेरी पिळली आणि फ्यूजमध्ये बसवली. मनात म्हटलं, ‘आता बघू कसा उडतो ते!’

नाहीच उडाला. चार दिवस मी खुशीत होते. पाचव्या दिवशी सकाळी इस्त्री करताना कसलासा वास आला. रबर जळावं तसा. आधी वाटलं, साडीच जळाली. पाहते तर भिंतीवरच्या बोर्डातून धुराची बारीक रेघ निघत होती. मल्टिप्लग वितळून बोर्डाला चिकटला होता, आणि त्याच बोर्डाखाली गादीवर माझी तीन वर्षांची मुलगी गाढ झोपली होती.

आधी तिला उचललं, मग धावत जाऊन मेन स्विच बंद केला. आग लागली नाही. पण दिवसभर वर्गात शिकवताना माझे हात थरथरत होते. संध्याकाळी वही-पेन घेऊन बसले आणि एक हिशेब मांडला. तो आधीच मांडला असता, तर हे घडलंच नसतं. हिशेब सहावी-सातवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. गुणाकार आणि भागाकार, बस्स. तोच आज तुम्हाला सांगणार आहे.

चार नावं, चार माणसं

विजेच्या कुठल्याही वस्तूवर काही आकडे छापलेले असतात. घरातली इस्त्री उलटी करून पाहा (थंड असताना बरं का!). ‘२३० व्होल्ट, ७५० वॅट’ असं काहीतरी दिसेल. कुठे ‘६ अँपिअर’ असंही लिहिलेलं असतं. ही काय भानगड आहे?

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका नळाच्या पाण्याला जोर. विजेचा असा जो जोर, तो मोजायचा व्होल्टमध्ये. आपल्या घरातल्या विजेचा जोर असतो २३० व्होल्ट. टॉर्चमधल्या एका सेलचा फक्त दीड व्होल्ट.

नळातून दर सेकंदाला किती पाणी वाहतं, तसंच तारेतून दर सेकंदाला किती वीज वाहते ते मोजायचं अँपिअरमध्ये. पुस्तकात हिला ‘विद्युतधारा’ म्हणतात. आपण प्रवाह म्हणू.

नळी बारीक असेल, लांब असेल, तर पाणी अडखळत येतं. तारही विजेला असाच अडथळा करते. त्याचं नाव रोध, आणि तो मोजायचा ओहममध्ये.

आता त्या पाण्याखाली एक पाणचक्की धरा. ती किती जोमानं काम करील? पाणी जितक्या उंचावरून पडेल आणि जितकं जास्त पडेल, तितक्या जोमानं. दोन्हींचा गुणाकार! विजेचंही तसंच. हा कामाचा जोम म्हणजे विद्युत शक्ती, आणि ती मोजायची वॅटमध्ये.

व्होल्टा, अँपिअर, ओहम आणि वॅट ही चार शास्त्रज्ञांची नावं आहेत. व्होल्टा इटलीचा, अँपिअर फ्रान्सचा, ओहम जर्मनीचा आणि वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा करणारा जेम्स वॅट स्कॉटलंडचा. आपल्या घरातल्या एका साध्या इस्त्रीवर चार देशांतली माणसं एकत्र नांदतात, ही गंमतच नाही का?

कुलूपवाल्याचा मुलगा

या चौघांतला ओहम मला फार जवळचा वाटतो, कारण तो शाळामास्तर होता. गेऑर्ग ओहमचा जन्म १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपं बनवण्याचा धंदा करत. त्यांचं शाळेचं शिक्षण फारसं नव्हतं, पण स्वतःच्या जिद्दीनं गणित शिकून त्यांनी ते मुलांना शिकवलं.

पुढे कोलोन शहरातल्या शाळेत शिकवत असताना ओहमला प्रश्न पडला, की तार लांब केली तर प्रवाह किती कमी होतो? त्यानं वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेतल्या. पण त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर सतत बदलायचा, त्यामुळे मोजमाप जुळेना. मग त्यानं युक्ती केली. तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंच्या पट्ट्या जोडल्या. एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. अशा जोडणीत थोडीशी वीज तयार होते, आणि उकळतं पाणी व बर्फ यांची तापमानं ठरलेली असल्यामुळे तिचा जोर बदलत नाही. आता मोजमाप जुळलं!

१८२७ साली ओहमनं आपलं पुस्तक छापलं. पण त्याच्या देशातल्या बऱ्याच विद्वानांना ते पटलं नाही. निराश होऊन त्यानं नोकरी सोडली. त्याच्या कामाचं मोल कळायला वेळ लागला. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक देऊन गौरवलं. १८५४ साली तो वारला, आणि १८८१ साली पॅरिसमधल्या वीजतज्ज्ञांच्या परिषदेनं रोधाच्या मापाला त्याचं नाव दिलं.

ओहमनं शोधलेला नियम एका ओळीत मावतो:

रोध = व्होल्ट ÷ अँपिअर

आणि पाणचक्कीचा आपला नियम असा:

शक्ती (वॅट) = व्होल्ट × अँपिअर

एवढ्या दोन ओळी पाठ करा. बाकी सगळं यांतूनच निघतं.

टॉर्चच्या दिव्यापासून सुरुवात

जुन्या टॉर्चमधला छोटा दिवा मिळाला तर त्याच्या गळ्यावर बारीक अक्षरांत आकडे दिसतील. समजा लिहिलंय ‘२.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर’. मग त्याची शक्ती झाली २.५ × ०.३ = ०.७५ वॅट. आणि पेटलेल्या दिव्याचा रोध झाला २.५ ÷ ०.३ = सुमारे ८.३ ओहम. पाहा बरं, दोन आकडे माहीत असले की उरलेले दोन आपोआप मिळतात!

रोध डोळ्यांनी पाहायचाय? मग हा प्रयोग करा. दोन सेल एकापुढे एक जोडा आणि तारांनी हा दिवा पेटवा. आता मोठ्या माणसाकडून एक जुनी पेन्सिल उभी चिरून तिचं शिसं मोकळं करून घ्या. सेलपासून दिव्याकडे जाणारी एक तार तोडून मध्ये हे शिसं घाला. तारेचं एक टोक शिशाच्या एका कडेला धरा, दुसरं टोक शिशावरून हळूहळू लांब सरकवा. दिवा मंद होत जाईल. जवळ आणा, पुन्हा उजळेल. जितकं शिसं लांब, तितका रोध जास्त आणि प्रवाह कमी. ओहमनं केलं ते हेच! (शिसं थोडं तापतं, म्हणून प्रयोग फार वेळ चालू ठेवू नका.)

एक मात्र कान देऊन ऐका. असे प्रयोग फक्त सेलवर करायचे. भिंतीतल्या विजेवर कधीही नाही. का ते पुढे सांगते, तेही हिशेबानंच.

आता माझा प्लग

माझी कांडी १५०० वॅटची आणि इस्त्री ७५० वॅटची. व्होल्ट २३०. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, मग अँपिअर काढायचे तर वॅटला व्होल्टनं भागायचं.

कांडी: १५०० ÷ २३० = ६.५ अँपिअर
इस्त्री: ७५० ÷ २३० = ३.३ अँपिअर
दोन्ही मिळून: ९.८ अँपिअर

आणि ज्या बोर्डावर मी हे लावत होते, त्यावर काय लिहिलं होतं? ‘६ अँपिअर’! म्हणजे एकटी कांडीसुद्धा त्याला जड होती, आणि मी वर इस्त्रीही लादली होती. सहा अँपिअरच्या जागेवर फार तर ६ × २३० = १३८० वॅट चालतात. मी २२५० वॅट चालवत होते.

फ्यूज उगाच उडत नव्हता. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की फ्यूजची बारीक तार तापून वितळते आणि वीज तोडते. तिचं कामच ते! ती रोज मला बजावत होती आणि मी तिचंच तोंड बंद केलं. जाड तार वितळेना, म्हणून मग प्लग वितळला.

तुम्ही विचाराल, ‘बाई, कांडी तापते ते समजलं, ती तापायलाच केलेली आहे. पण प्लग कसा तापला?’ उत्तम प्रश्न! मल्टिप्लगची पितळी पट्टी सैल झाली होती. पट्टी आणि पिन यांचा नीट स्पर्श होत नव्हता. जिथे स्पर्श अपुरा, तिथे रोध वाढतो. समजा तो रोध होता फक्त पाव ओहम. तिथे उष्णता किती?

आपल्या दोन नियमांतूनच तिसरा नियम निघतो. व्होल्ट = अँपिअर × रोध. हे ‘शक्ती’च्या ओळीत व्होल्टच्या जागी लिहा:

शक्ती = अँपिअर × अँपिअर × रोध

प्रवाह दोनदा गुणला जातो, हे लक्षात ठेवा. म्हणजे:

९.८ × ९.८ × ०.२५ = २४ वॅट

२४ वॅट म्हणजे काय फार मोठं, असं वाटेल. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे झाळ लावायची सोल्डरिंगची कांडी पाहिली आहे ना? ती साधारण २५ वॅटची असते, आणि तिच्या टोकाशी धातूची झाळ पाण्यासारखी पातळ होते. मी रोज सकाळी प्लास्टिकच्या प्लगमध्ये जणू एक सोल्डरिंगची कांडीच पेटवून ठेवत होते!

आता याच सैल प्लगला नुसता ७५ वॅटचा पंखा लावला तर? प्रवाह साधारण ०.३३ अँपिअर. ०.३३ × ०.३३ × ०.२५ म्हणजे ०.०३ वॅटही नाही. काहीच तापणार नाही. (पंखा, मिक्सर, एलईडीचे दिवे यांचा खरा प्रवाह या हिशेबापेक्षा थोडा जास्त असतो. कांडी, इस्त्री, गिझर अशा तापणाऱ्या वस्तूंना मात्र आपला हिशेब नेमका लागू पडतो.)

म्हणूनच घरोघरी ऐकू येणारं वाक्य धोक्याचं आहे: ‘इतकी वर्षं याच बोर्डावर चालतंय की!’ इतकी वर्षं त्यावर पंखा चालत होता. प्रवाह दुप्पट झाला तर प्लगमधली उष्णता चौपट होते, आणि तिप्पट झाला तर नऊपट!

कमी वॅट, जास्त रोध!

आता एक कोडं. जुन्या पद्धतीचे, तारेचे दोन बल्ब आहेत. एक ६० वॅटचा, एक १०० वॅटचा. कोणाचा रोध जास्त?

माझ्या वर्गात विचारलं तर सगळे एका सुरात ओरडले, ‘शंभरचा!’ हिशेब करू या. शंभरच्या बल्बमधला प्रवाह १०० ÷ २३० = ०.४३५ अँपिअर. म्हणून रोध २३० ÷ ०.४३५ = जवळजवळ ५२९ ओहम. साठच्या बल्बमधला प्रवाह ०.२६१ अँपिअर, आणि रोध सुमारे ८८२ ओहम. साठ वॅटचाच रोध जास्त! आणि बरोबरच आहे. अडथळा जास्त, म्हणून प्रवाह कमी, म्हणून उजेड कमी.

हा रोध पेटलेल्या बल्बचा आहे. थंड बल्बची तार मोजली तर रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. म्हणून बटण दाबताक्षणी बल्बमधून मोठा प्रवाह धावतो, आणि जुना झालेला बल्ब बहुधा बटण दाबतानाच जातो.

गावाकडे संध्याकाळी वीज ‘डिम’ होते, तेव्हा पाणी लवकर तापत नाही. तेही हिशेबात बसतं. माझ्या कांडीचा रोध २३० ÷ ६.५२ = सुमारे ३५ ओहम. व्होल्ट १८० वर आले, तर प्रवाह १८० ÷ ३५.३ = ५.१ अँपिअर, आणि शक्ती १८० × ५.१ = सुमारे ९२० वॅट. व्होल्ट पाव हिश्श्यानंही घटले नाहीत, पण कांडीची शक्ती १५०० वरून ९२० वर आली!

ओला हात

आपल्या शरीरालाही रोध आहे. कोरड्या कातडीचा बराच जास्त, हजारो ओहम. पण हात ओला झाला की तो हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. ओल्या हातानं २३० व्होल्टला स्पर्श झाला तर?

२३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर

साठ वॅटच्या बल्बला लागतो त्याहूनही कमी प्रवाह. पण छातीतून ०.०५ अँपिअर इतका प्रवाह गेला, तरी हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. टॉर्चच्या दोन सेलचे मिळून तीनच व्होल्ट. ३ ÷ १००० = ०.००३ अँपिअर, म्हणून त्यावर प्रयोग चालतो. आता कळलं ना, आई ‘ओल्या हातानं बटण दाबू नकोस’ असं का ओरडते? आणि पाणी तापलं का, हे बघायला कांडी चालू असताना बादलीत बोट कधीही घालायचं नाही. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच पाण्याला हात.

मग मी काय केलं?

त्याच आठवड्यात मी वायरमनला बोलावलं. त्यानं कांडीसाठी जाड वायरची वेगळी जोडणी केली आणि १६ अँपिअरचा सॉकेट बसवला. १६ × २३० = ३६८० वॅट, म्हणजे कांडीला भरपूर. जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी आला. प्रवाह जास्त झाला की तो खट्‌कन खाली पडतो. आणि इस्त्री मी आदल्या रात्री करू लागले. त्याला खर्च काहीच आला नाही!

वायरमननं ती पिळलेली तांब्याची तार माझ्या हातावर ठेवली. बोलला काहीच नाही. ती तार आणि तो वितळलेला मल्टिप्लग मी जपून ठेवला आहे. दर वर्षी थंडी सुरू झाली की वर्गात नेते, मुलांच्या हातात देते आणि फळ्यावर हा हिशेब मांडते. मागे एकदा चौथीतल्या एका मुलीनं घरी जाऊन बोर्डावरचे आकडे वहीत उतरवले, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनाच शाळेत घेऊन आली. ‘बाई, आमच्याकडे पण सहाच अँपिअर आहे,’ म्हणाली. वडील जरा संकोचले होते. मी त्यांना माझा प्लग दाखवला. मग आम्ही तिघं मिळून हिशेब केला.

तेव्हा आज घरी एवढं करा. घरातल्या वस्तूंवरचे वॅट एका कागदावर लिहा. प्रत्येकाला २३० नं भागा. एकाच बोर्डावर कोणत्या वस्तू एका वेळी चालतात, त्यांची बेरीज करा आणि बोर्डावरच्या अँपिअरशी ताडून पाहा. बेरीज जास्त आली, किंवा प्लग हाताला गरम लागत असेल, तर कागद आई-बाबांना दाखवा. स्वतः काही उघडू नका. तुमचं काम गणिताचं, दुरुस्तीचं काम वायरमनचं.

आणि पालकांना एक विनंती. मूल हा कागद घेऊन आलं तर ‘जा, अभ्यास कर’ म्हणू नका. तो अभ्यासच आहे.

डोकं चालवा!

१. ७५० वॅटच्या इस्त्रीचा रोध किती?
२. मोटारसायकलचा पुढचा दिवा १२ व्होल्ट, ३५ वॅटचा आहे. प्रवाह किती? रोध किती?
३. ६ अँपिअरच्या बोर्डावर १५०० वॅटची किटली आणि ५०० वॅटचा मिक्सर एकदम चालेल का?
४. ६० आणि १०० वॅटचे तारेचे बल्ब एकापुढे एक, एकाच तारेत जोडले, तर जास्त उजेड कोणाचा?

उत्तरं (आधी सोडवा, मग बघा!)

१. सुमारे ७०.५ ओहम. २. सुमारे २.९ अँपिअर आणि ४.१ ओहम. ३. नाही. निदान ८.७ अँपिअर होतात, एकट्या किटलीचेच ६.५. ४. साठ वॅटचा! दोघांतून प्रवाह एकच जातो, आणि ‘अँपिअर × अँपिअर × रोध’ या नियमानं ज्याचा रोध जास्त, त्याची शक्ती जास्त.